दुर्भिक्षाकडून सुकाळाकडे : प्लॅस्टिक-उत्पादनाच्या जागतिक विस्ताराचा विचार

प्लॅस्टिक-उद्योगाचा इतिहास बहुधा संशोधकांच्या नामावळीच्या रूपाने सांगितला जातो. पार्क्स, हायट, बेकलंड, कॅरोथर्स, त्सीग्लर अशी एक परंपरा कल्पावयाची आणि प्रत्येकाच्या नावापुढे एकेक पदार्थ मांडावयाचा, अशी ही पद्धत आहे. ती खोटी नाही. परंतु तिने फारसा उलगडा होत नाही. उदाहरणादाखल एकच वर्ष पाहावे. १८७२ मध्ये ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला व्हायनिल क्लोराइडवर सूर्यप्रकाश पडून पांढरा घन पदार्थ जमल्याचे आढळले. त्याच वर्षी आडोल्फ बायर याला फिनॉल व आल्डिहाइड यांच्या संयोगातून राळेसारखा एक चिकट गोळा मिळाला. बायरचे सारे लक्ष रंगद्रव्यांकडे लागलेले असल्यामुळे भांड्याला घट्ट बसणारी ही राळ त्याला उपद्रवच वाटली. पहिल्या पदार्थाला आज पीव्हीसी म्हणतात. दुसऱ्याच्या कुळातून पुढे बेकेलाइट निघाले. दोन्ही पदार्थ हाती आलेले असताना एकाला कारखाना लाभण्यास पस्तीसहून अधिक, तर दुसऱ्याला पन्नासहून अधिक वर्षे लागली. तेव्हा पदार्थाचा शोध आणि त्याच्या उत्पादनाचा उदय या दोन निरनिराळ्या घटना होत, आणि दुसरीची कारणे प्रयोगशाळेच्या बाहेर शोधावी लागतात.

ही कारणे कच्च्या मालाच्या इतिहासात सापडतात. स्थूलमानाने पाहता, दुसऱ्या महायुद्धापर्यंत नवे प्लॅस्टिक जन्मास येई ते एखाद्या नैसर्गिक द्रव्याच्या टंचाईतून. हस्तिदंत, कासवाचे कवच, लाख, गटापर्चा, रबर ही द्रव्ये ठराविक प्रदेशांतच मिळत. त्यांचा पुरवठा लहरी असे किंवा कोणाच्या तरी मुठीत असे. महायुद्धानंतर मात्र हा क्रम उलटला. माल आधी तयार होऊ लागला आणि त्याचा उपयोग मागाहून शोधला जाऊ लागला. या उलटापालटीकडे लक्ष दिल्यावाचून १९५० नंतरची वाढ समजणार नाही.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. ‘प्लॅस्टिक’ हे मुळात विशेषण. ओल्या मातीला आकार देणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून ते निघाले, आणि शतकानुशतके ते मूर्तिकलेच्या संदर्भात वापरले जाई. एका विशिष्ट वर्गातील कृत्रिम पदार्थांचे सामान्यनाम म्हणून ते रूढ झाले विसाव्या शतकात. मराठीने हा शब्द आयता स्वीकारला. पण त्यापूर्वीच्या पिढीने केलेली योजना अधिक अर्थपूर्ण आहे. कासवाच्या कवचाला मराठीत कचकडे म्हणत. सेल्युलॉइडची खेळणी बाजारात आली तेव्हा लोकांनी त्यांना नवे नाव शोधले नाही. त्यांना ‘कचकड्याच्या बाहुल्या’ म्हटले. ज्याची नक्कल करण्यासाठी पदार्थ निर्माण झाला त्याचेच नाव नकलेला मिळाले. पुढे ठिसूळ, दिखाऊ असा लाक्षणिक अर्थही या शब्दाला चिकटला आणि कासव पुरते विसरले गेले. उद्योगाच्या पहिल्या अवस्थेचा सारा इतिहास या एका अर्थांतरात साठलेला आहे.

ती अवस्था इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या अलेक्झांडर पार्क्सपासून सुरू होते. कापसावर नत्राम्लाची क्रिया करून मिळणाऱ्या द्रव्यापासून त्याने जो पदार्थ बनविला तो १८६२ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ‘पार्क्सीन’ या नावाने मांडला गेला व त्याला कांस्यपदकही मिळाले. १८६६ मध्ये त्याने कंपनी काढली. १८६८ मध्ये ती बुडाली. स्वस्त माल देण्याच्या हव्यासात हलका कच्चा माल वापरला गेला आणि पार्क्सीनच्या फण्या वाकड्या होऊ लागल्या. अमेरिकेतील जॉन वेस्ली हायटने त्याच वाटेने जाऊन यश मिळविले, याचे कारण त्याला कापराचे मर्म उमगले. नायट्रोसेल्युलोज व कापूर यांचे मिश्रण उष्णता व दाब यांखाली मळले की त्याची एकजीव, रंगविता येण्याजोगी व तापवून आकार देता येण्याजोगी वस्तू होते, याचे पेटंट त्याने १८७० मध्ये घेतले. त्याचा बंधू आयझाया याने या पदार्थाला ‘सेल्युलॉइड’ हे नाव दिले.

बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यास एका व्यापाऱ्याने दहा हजार डॉलरचे पारितोषिक लावले होते व त्यातून हायटचा उद्योग सुरू झाला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. मात्र सेल्युलॉइडने हत्ती वाचविले, हा तिच्या जोडीने सांगितला जाणारा निष्कर्ष टिकण्यासारखा नाही. सेल्युलॉइडचे चेंडू कधीच समाधानकारक ठरले नाहीत, आणि हस्तिदंताचा व्यापार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत वाढतच राहिला. पर्यायी द्रव्य आले म्हणजे मूळ द्रव्यावरचा ताण हटतो असे नाही. पुष्कळदा असे होते की पूर्वी ज्यांना ती वस्तू परवडत नव्हती असा नवा ग्राहकवर्ग नकलेकडे वळतो आणि मूळ वस्तू श्रीमंतांकडे चालूच राहते. कासवाच्या कवचाची फणी उच्चकुलीन स्त्रियांच्या केसांत होती; सेल्युलॉइडची फणी दुकानात काम करणाऱ्या मुलीच्या केसांत आली. फ्रान्समधील ओयोना व अमेरिकेतील लेमिन्स्टर ही शिंग व लाकूड यांच्या फण्या करणारी जुनी गावे सेल्युलॉइडवर भरभराटली. १९२० च्या सुमारास स्त्रियांनी केस आखूड कापण्याची रूढी पाडली, तेव्हा हीच गावे संकटात सापडली व चष्म्यांच्या चौकटी आणि खेळणी यांकडे वळली.

परंतु सेल्युलॉइडने एक टंचाई हटविताना दुसरी ओढवून घेतली, हे या प्रकरणातील खरे मर्म होय. त्याच्या वजनाचा पाव किंवा त्याहूनही अधिक हिस्सा कापराचा असे, आणि कापूर मिळे प्रामुख्याने तैवान बेटाच्या डोंगरांत व जपानमध्ये. कापराचे जुने वृक्ष तोडून, त्यांच्या ढलप्या वाफेवर ऊर्ध्वपातित करून तो काढला जाई. भारतीय देवघरांतील आरतीही याच व्यापाराची एक गिऱ्हाईक होती, ही गोष्ट जाता जाता ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १८९५ मध्ये तैवान जपानच्या ताब्यात गेले आणि १८९९ मध्ये वसाहतीच्या शासनाने कापरावर सरकारी मक्ता लादला. जगातील सेल्युलॉइडचे कारखाने एका सरकारी खात्याच्या दरपत्रकाकडे पाहू लागले. वृक्ष होते ते तैवानच्या मूळ रहिवाशांच्या डोंगरी मुलुखात. शासनाने या मुलुखाभोवती चौक्यांची व पुढे विजेच्या तारांची रक्षक-रेषा उभारली आणि ती वर्षानुवर्षे आत सरकवीत नेली. १९१० ते १९१४ या काळात गव्हर्नर-जनरल साकुमा यांनी चालविलेल्या लष्करी मोहिमांत या जमातींचा प्रतिकार चिरडला गेला. न्यूयॉर्कच्या दुकानातील फणीचा आणि तैवानच्या डोंगरातील चौकीचा हा संबंध संशोधकांच्या नामावळीत कोठेच दिसत नाही.

मक्तेदाराने भाव चढविला की ग्राहक पर्याय शोधतो. जर्मनीत टर्पेंटाइनपासून कृत्रिम कापूर निघाला. म्हणजे नकलेतील अस्सल घटकाचीही नक्कल झाली. जपानने उलट बाजूने पाऊल टाकले. केवळ कापूर विकण्यात समाधान न मानता त्याने सेल्युलॉइडचे कारखाने काढले. १९१९ मध्ये आठ कंपन्यांच्या एकीकरणातून दाइनिप्पोन सेल्युलॉइड कंपनी उभी राहिली आणि १९३४ मध्ये तिच्यातून फुजीची छायाचित्र-फितीची शाखा वेगळी निघाली. कच्च्या मालाचा धनी पक्क्या मालाचा उत्पादक झाल्याचे आशियातील हे पहिले ठळक उदाहरण होय.

फितीचा उल्लेख आला आहे तर एक गोष्ट नमूद करावयास हवी. १८८९ मध्ये ईस्टमनच्या कंपनीने सेल्युलॉइडची लवचिक फीत बाजारात आणली आणि चलच्चित्र शक्य झाले. १९१३ मध्ये मुंबईत दाखविलेला दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ अशाच आयात फितीवर टिपलेला होता. नायट्रोसेल्युलोज हे बंदुकीच्या कापसाचे सख्खे भावंड. ते काळाने कुजते आणि पेट घेते. फाळक्यांच्या त्या चित्रपटाचा थोडाच भाग आज उपलब्ध आहे. २००३ च्या जानेवारीत पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा भस्मसात झाला. प्लॅस्टिक अविनाशी आहे असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे पहिले प्लॅस्टिक आठवावे.

दुसरी मोठी टंचाई लाखेची. हिचा संबंध थेट भारताशी येतो. पळस, कुसुंब, बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक सूक्ष्म कीटक रस शोषून स्वतःभोवती राळेचे कवच बांधतो. लाक्षागृहाची कथा ज्या समाजाला पाठ आहे त्याला या द्रव्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. छोटा नागपूरच्या पठारावर मुंडा, ओराँव, संथाळ इत्यादी आदिवासी कुटुंबे ही लाख गोळा करीत; झालदा, बलरामपूर, मिर्झापूर येथील भट्ट्यांत ती वितळवून कारागीर हात, पाय व दात यांनी ताणून तिचे पातळ पत्रे करीत. असा हा कुटिरोद्योग अमेरिकेच्या व युरोपच्या विद्युत्-उद्योगाचा आधार होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. विजेच्या तारांची वेटोळी, उपकरणांचे वार्निश, ग्रामोफोनच्या तबकड्या या सर्वांना लाख लागे. विजेचा प्रसार झपाट्याने होत होता. कीटकाची पैदास मात्र पावसावर, थंडीवर व पळसाच्या फुटीवर अवलंबून होती. परिणामी विसाव्या शतकाच्या आरंभी लाखेचे भाव भडकले.

लिओ बेकलंडने फिनॉल-फॉर्माल्डिहाइडच्या राळेकडे लक्ष वळविले ते लाखेला पर्याय म्हणूनच. बेल्जियममधील गेंट येथे जन्मलेला हा रसायनज्ञ अमेरिकेत छायाचित्राच्या कागदाचा शोध विकून सधन झालेला होता. बायरला उपद्रव वाटलेली प्रक्रिया त्याने उष्णता व दाब यांचे नियमन करून काबूत आणली, १९०७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९०९ च्या फेब्रुवारीत अमेरिकन केमिकल सोसायटीच्या न्यूयॉर्क शाखेपुढे ‘बेकेलाइट’ जाहीर केले. एकदा साच्यात घट्ट झाले की ते पुन्हा वितळत नाही. सेल्युलॉइडचा पाया कापूस हा होता. बेकेलाइटच्या घडणीत वनस्पतीचा वा प्राण्याचा मूळ सांगाडा उरलेला नाही. म्हणून त्याला पहिले पूर्णतया कृत्रिम प्लॅस्टिक म्हणतात. त्यातील फिनॉल कोळशाच्या डांबरातून येई, आणि कोळशापासून वायू व कोक करणाऱ्या कारखान्यांत डांबर हा मागे उरणारा पदार्थ होता. सुकाळाच्या अर्थकारणाची ही पहिली चाहूल होय.

लाखेवर याचा परिणाम एकदम झाला नाही. विद्युत्-रोधनाचे काम बेकेलाइटने हळूहळू हिरावून घेतले, तरी तबकड्यांसाठी लाखच लागे. बालगंधर्वांची नाट्यगीते ज्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर घरोघर पोहोचली त्या लाखेच्या होत्या. १९२४ मध्ये राचीजवळ नामकुम येथे लाख-संशोधनाची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. कृत्रिम राळेशी सामना करण्यासाठी लाखेचे शास्त्र उभारण्याची निकड तेव्हा वाटू लागली होती. निर्णायक आघात झाला युद्धकाळात. १९४२ मध्ये अमेरिकेच्या सरकारने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक मर्यादा घातली. सैनिकांसाठीच्या तबकड्या व्हायनिलवर छापल्या जाऊ लागल्या आणि १९४८ मध्ये कोलंबियाने व्हायनिलची दीर्घवादन तबकडी बाजारात आणली. लाख आजही औषधी गोळ्यांचे लेप, फळांवरील चकाकी, लाकडाचे पॉलिश यांसाठी खपते. पण पश्चिमेच्या उद्योगाला छोटा नागपूरवाचून चालत नाही, ही स्थिती तेथे संपली. त्या पठारावरील लाख गोळा करणाऱ्याला आपले गिऱ्हाईक कोणत्या प्रयोगशाळेने पळविले हे कळण्याचा मार्ग नव्हता. त्याला दिसे तो केवळ आठवडी बाजारात उतरलेला भाव.

आता जर्मनीकडे वळले पाहिजे, कारण क्रम उलटण्याची क्रिया तेथे आधी स्पष्ट दिसते. कॅल्शियम कार्बाइडपासून निघणारा ॲसिटिलीन वायू दिव्यांसाठी वापरला जाई. विजेचे दिवे आले तसा हा वायू अतिरिक्त ठरू लागला. ग्रीसहाइम-इलेक्ट्रॉन या कंपनीने फ्रिट्झ क्लाटे याच्याकडे त्याचा उपयोग शोधण्याचे काम सोपविले आणि १९१२-१३ च्या सुमारास त्याने त्यापासून व्हायनिल क्लोराइड व त्याचे बहुवारिक बनविण्याची पेटंटे घेतली. येथे नक्कल करावयाचा असा कोणता पदार्थ समोर नव्हता. होता तो रिकामा पडलेला वायू. उपयोग मात्र इतका दुर्घट ठरला की कंपनीने पेटंटे सोडून दिली. १९२६ मध्ये अमेरिकेत वॉल्डो सेमन याने पीव्हीसीला मऊपणा आणण्याची युक्ती काढली, तेव्हा कोठे त्याला बाजार मिळाला. याच दशकात हेर्मान स्टाउडिंगर याने हे पदार्थ म्हणजे सहस्रावधी एकके साखळीसारखी जोडून झालेले महारेणू आहेत, असा सिद्धान्त मांडला. त्यासाठी त्याला १९५३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सिद्धान्ताने उद्योगाला दिशा दिली हे खरे. तथापि सेल्युलॉइड व बेकेलाइट यांचे कारखाने त्यावाचून चालत आलेले होते, हेही विसरता येत नाही.

नायलॉनविषयी थोडक्यात सांगून पुढे जाता येईल. १९३५ मध्ये कॅरोथर्सच्या गटाने तो धागा बनविला; १९४० मध्ये त्याचे पायमोजे अमेरिकाभर विक्रीस आले आणि जपानी रेशमाची तेथील मागणी घटू लागली. हे जुन्याच तऱ्हेचे, म्हणजे नैसर्गिक द्रव्याच्या जागी कृत्रिम द्रव्य बसविण्याचे, शेवटच्या मोठ्या उदाहरणांपैकी एक होय.

युद्धाने दोन्ही प्रवृत्ती एकत्र आणल्या. १९४२ मध्ये मलाया व डच ईस्ट इंडीज जपानच्या हाती पडताच अमेरिकेचा रबराचा पुरवठा जवळजवळ तुटला. सरकारी भांडवलातून कृत्रिम रबराचे अवाढव्य कारखाने दोन-तीन वर्षांत उभे राहिले. जर्मनीने त्यापूर्वीच ‘बुना’ या नावाचे कृत्रिम रबर काढले होते; हे नाव ब्युटाडाइन व नाट्रियम म्हणजे सोडियम यांच्या आद्याक्षरांवरून बनलेले. त्याच बुनासाठी १९४१ मध्ये आय. जी. फार्बेन या कंपनीने पोलंडमध्ये आउश्वित्सजवळ मोनोवित्स येथे कारखाना उभारण्यास घेतला. नाझी छळछावणीतील बंदी तेथे वेठीस धरले गेले आणि सहस्रावधी माणसे थंडी, भूक व मारहाण यांनी मेली. युद्ध संपेपर्यंत त्या कारखान्यातून रबर मुळीच निघाले नाही. टंचाईवर मात करण्याच्या ईर्ष्येचा हाही एक अध्याय आहे. प्लॅस्टिक व कृत्रिम रबर यांच्या इतिहासातून तो वगळणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही.

पॉलिथीनचा जन्म अपघाती, पण त्याचे पहिले काम जुन्या टंचाईचेच. एकोणिसाव्या शतकात समुद्रातळीच्या तारायंत्राच्या तारांना मलायातील एका वृक्षाच्या चिकाचे, म्हणजे गटापर्चाचे, वेष्टन लागे. १८७० मध्ये सुएझ व एडन यांवरून मुंबईला आलेली तार अशीच वेष्टिलेली होती. या चिकापायी अरण्येच्या अरण्ये तोडली गेली. १९३३ मध्ये इंग्लंडमधील विनिंग्टन येथे आय. सी. आय. च्या प्रयोगशाळेत गिब्सन व फॉसेट यांना अतिउच्च दाबाखालील एथिलीनपासून मेणासारखा पदार्थ मिळाला. समुद्री तारांचे वेष्टन म्हणून त्याचा विचार झाला. १ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे जर्मनीने पोलंडवर स्वारी केली त्याच दिवशी, कारखान्यातून उत्पादन सुरू झाले आणि पॉलिथीन रडारच्या कामी लागले. लागणारे एथिलीन तेव्हा मळीच्या अल्कोहोलापासून काढीत. खनिज तेलाशी त्याचा संबंध अद्याप जुळला नव्हता.

तो जुळला आणि सारे चित्र पालटले. याची यंत्रणा थोडी तपशिलाने पाहिली पाहिजे, कारण उद्योगाच्या पुढील वागणुकीची किल्ली तेथे आहे. नॅफ्था किंवा नैसर्गिक वायूतील एथेन वाफेसह सुमारे आठशे अंश तापमानाला नेले म्हणजे त्याचे रेणू फुटून एथिलीन मिळते. नॅफ्थापासून एकटे एथिलीन कधीच मिळत नाही. त्याबरोबर प्रॉपिलीन, ब्युटाडाइन, बेंझीन ही भावंडे येतात. एकाला गिऱ्हाईक असेल व दुसऱ्याला नसेल तर कारखान्याचा हिशेब जमत नाही. शिवाय अशी भट्टी अर्ध्या शक्तीने चालविणे परवडत नाही, आणि जितकी भट्टी मोठी तितका टनामागील खर्च कमी. म्हणून प्रत्येक कारखाना बाजाराच्या गरजेपुढे धावतो. १९५० नंतर प्रॉपिलीन पडून होते. १९५४ मध्ये इटलीच्या जुलिओ नाट्टाने त्सीग्लरच्या उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्याचे उपयुक्त बहुवारिक बनविले, आणि पडून राहणारा वायू दोरखंड, पोती, बादल्या व खुर्च्या यांच्या रूपाने जगभर पसरला. युद्धात रबरासाठी उभारलेले स्टायरीनचे कारखाने शांतताकाळी ओस पडण्याऐवजी पॉलिस्टायरीनची स्वस्त खेळणी व भांडी पुरवू लागले. अमेरिकेतील फिलिप्स कंपनीकडे घन पॉलिथीनचा प्रमाणाबरहुकूम न उतरलेला माल साचला होता. १९५८ मध्ये हुला-हूप या कड्याच्या वेडाने तो उठला. एका खेळण्याने रासायनिक उद्योगाची वखार रिकामी करावी, ही गोष्ट विनोदी वाटली तरी नव्या व्यवस्थेचे सार तीत आहे.

याहून बोलके उदाहरण तैवानचे. जेथे अर्धशतकापूर्वी कापरासाठी अरण्ये पिंजली गेली, तेथे १९५४ मध्ये तांदूळ व इमारती लाकूड यांचा व्यापार केलेल्या वांग युंग-छिंग यांनी फॉर्मोसा प्लॅस्टिक्स ही कंपनी स्थापन केली. १९५७ मध्ये काउश्युंग येथे पीव्हीसीचा कारखाना सुरू झाला. त्याची शक्ती दिवसाला जेमतेम चार टनांची. जागतिक मानाने ती क्षुल्लक, पण बेटाच्या गरजेच्या मानाने फार मोठी. माल खपेना, तेव्हा वांग यांनी उत्पादन आवरण्याऐवजी वाढविले आणि पीव्हीसीपासून नळ, पत्रे व नकली कातडे करणारी नान या ही दुसरी कंपनी १९५८ मध्ये काढली. स्वतःच्या मालाचे गिऱ्हाईक स्वतःच निर्माण करण्याचे हे धोरण पुढे पूर्व आशियात अनेकांनी गिरविले.

भारतात ही उलथापालथ अल्पावकाशात, जणू एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत झाली. १९५७ मध्ये पॉलिकेमने पॉलिस्टायरीन, १९५९ मध्ये बंगालमधील रिश्रा येथे आय. सी. आय. च्या शाखेने पॉलिथीन, तर १९६१ मध्ये कॅलिकोने पीव्हीसी काढण्यास आरंभ केला. रिश्राचे एथिलीन अल्कोहोलापासून, म्हणजे अखेरीस उसाच्या मळीपासून येई. परंतु १९५४-५५ मध्ये तुर्भ्याला तेलशुद्धीचे दोन कारखाने उभे राहिले होते. देशाला घासलेट व डिझेल अधिक हवे होते, मोटारी थोड्या होत्या. नॅफ्था शिलकी पडू लागला. त्याच्यावर १९६६ मध्ये तुर्भे येथे युनियन कार्बाइडची आणि १९६८ मध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिलची भट्टी चालू झाली. मळीकडून नॅफ्थाकडे झालेले हे संक्रमण टंचाईमुळे घडले नाही, शिलकीमुळे घडले. पुढे बॉम्बे हायच्या वायूवर नागोठण्याचा कारखाना उभा राहिला तोही याच न्यायाने.

शिलकीचा माल सतत खपवावयाचा तर टिकाऊपणा हा गुण अडचणीचा ठरतो. बेकेलाइटचे काळे बटण भिंतीवर चाळीस वर्षे टिके. उत्पादकाला त्या घराकडून पुन्हा मागणी येत नसे. १९५६ मध्ये अमेरिकेतील वेष्टन-व्यवसायाच्या एका नियतकालिकाचे संपादक लॉइड स्टाउफर यांनी उत्पादकांच्या सभेत सांगितले की प्लॅस्टिकचे भवितव्य कचऱ्याच्या डब्यात आहे. हे वाक्य पुढे टीकाकारांनी पुष्कळ वापरले, पण ते टीका म्हणून उच्चारलेले नव्हते. तो व्यावहारिक सल्ला होता. स्वीडनमधील सेलोप्लास्ट कंपनीच्या स्टेन गुस्ताफ थुलिन याने आखलेल्या, कडी असलेल्या पिशवीला १९६५ मध्ये अमेरिकन पेटंट मिळाले. १९७३ मध्ये नॅथॅनिएल वायथ याने पेट प्लॅस्टिकच्या बाटलीचे पेटंट घेतले. या दोन वस्तूंनी कोणत्याही दुर्मिळ द्रव्याची जागा घेतली नाही. कागद, कापड व काच यांची वाण जगाला पडलेली नव्हती.

१९७३ च्या तेलसंकटाने ही गती थोडा काळ अडखळली आणि उद्योगाचा भूगोल बदलला. तेलविहिरींवर जाळून टाकल्या जाणाऱ्या वायूचा उपयोग व्हावा म्हणून सौदी अरेबियाने १९७६ मध्ये साबिक ही सरकारी कंपनी स्थापन केली व जुबैल येथे प्रचंड कारखाने उभारले. अमेरिकेत २०१० नंतर शेल खडकांतील एथेन मुबलक झाल्यावर किनाऱ्यावर नव्या भट्ट्या उठल्या. चीनने कोळशापासूनही प्लॅस्टिक काढण्यास आरंभ केला आणि जगाच्या उत्पादनाचा सुमारे एक-तृतीयांश आपल्याकडे ओढला. १९५० मध्ये जगाचे उत्पादन सुमारे २० लक्ष टन होते. कृत्रिम धागे धरून ते २०१५ मध्ये ३८ कोटी टनांवर गेले, आणि २०१९ साठी आर्थिक सहकार्य व विकास संघटनेचा अंदाज ४६ कोटी टनांचा आहे. १९५० ते २०१५ या काळात निर्माण झालेल्या सुमारे ८३० कोटी टनांपैकी निम्मा माल शेवटच्या तेरा वर्षांतला होता. त्यातून जो सुमारे ६३० कोटी टन कचरा झाला त्यापैकी ९ टक्क्यांच्या आसपास पुन्हा वापरात आला, १२ टक्के जाळला गेला, उरलेला जमिनीत, उकिरड्यांवर व पाण्यात आहे.

कचऱ्यालाही स्वतःचा भूगोल आहे. दीर्घकाळ श्रीमंत देशांचा कचरा चीनकडे जाई. २०१८ च्या आरंभी चीनने ती आयात बंद केली, तेव्हा तो आग्नेय आशियातील बंदरांकडे वळला. मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरात तुंबलेल्या गटारांचा दोष पिशव्यांना दिला गेला. महाराष्ट्राने २०१८ च्या मार्चमध्ये व्यापक बंदी आणली आणि केंद्र शासनाने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या काही वस्तू मना केल्या. या बंद्यांचा रोख वस्तूवर व ती हाती धरणाऱ्या किरकोळ विक्रेत्यावर आहे. भट्टीची शक्ती किती असावी हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही. मार्च २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण-सभेने जागतिक करारासाठी वाटाघाटी ठरविल्या, तेव्हा हाच प्रश्न मध्यभागी आला. अनेक देशांचे म्हणणे असे की मूळ उत्पादनावरच मर्यादा हवी. तेल व वायू विकणाऱ्या देशांचे म्हणणे असे की विचार केवळ कचऱ्याच्या व्यवस्थेचा व्हावा. २०२४ च्या अखेरीस बुसान येथे एकमत झाले नाही, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनीव्हा येथील बैठकही मसुदा न ठरताच संपली.